करटीतली मेणबत्ती

मालवणात खोबरेल तेल थिजतं ते डिसेंबर-जानेवारीतल्या काही सकाळीच. एरवी बाटलीतलं तेल बारा महिने पातळ. खोबरेल साधारण २४ अंश सेल्सिअसला वितळतं आणि किनाऱ्यावरचा पारा त्याच्या खाली फारसा उतरत नाही. माडांच्या या मुलखात घरोघरी तेल असूनही त्याची मेणबत्ती का होत नाही, याचं उत्तर या एका आकड्यात आहे. मेणबत्तीला असा पदार्थ हवा, जो हवेत घट्ट राहील आणि ज्योतीखाली मात्र लगेच पाणी होईल. मे महिन्यात पत्र्याखाली उभं राहवत नाही अशा ठिकाणी हा पदार्थ कोणता घ्यायचा, इथूनच घरच्या मेणबत्तीचा विचार सुरू होतो.

कोकणातल्या जुन्या घरांत उजेड होता तो तेलाचा. उंडीच्या आणि करंजाच्या बियांचं कडू तेल दिव्यात जळे, देवापुढे खोबरेल किंवा तीळतेल, आणि पुढे रॉकेल आल्यावर चिमण्या आणि कंदील. पण याच मातीत घट्ट राहणारी एक चरबीही होती, ती म्हणजे कोकमाची. रातांब्याच्या बियांपासून काढलेलं मुठेल आजही थंडीत पायांच्या भेगांना लावतात. ते ४० अंशांच्या आसपास वितळतं, कारण त्यातल्या मेदाम्लांपैकी निम्म्याहून अधिक वाटा स्टिअरिक आम्लाचा असतो. आधुनिक मेणबत्ती घडवली ती याच आम्लाने. फ्रान्समध्ये शेव्रल आणि गे-ल्युसाक या रसायनशास्त्रज्ञांनी १८२५ मध्ये चरबीतून हे आम्ल वेगळं काढून मेणबत्त्या करण्याचं पेटंट घेतलं. त्याआधी गरिबाघरची मेणबत्ती म्हणजे जनावराच्या चरबीची, मऊ, धुरकट आणि वास मारणारी. तेव्हा मालवणच्या परसात मेणबत्तीचं अर्धं रसायन आधीपासून होतं असं म्हणता येईल. आज मात्र मुठेल जाळू नये. सौंदर्यप्रसाधनांसाठी त्याला चांगला भाव आहे आणि भेगांवर त्यासारखं दुसरं औषध नाही.

आपण सुरुवात करायची ती पॅराफिनने. खनिज तेलाच्या शुद्धीकरणात निघणारं हे मेण भारतात मुख्यतः आसामातून येतं. दिग्बोईच्या जुन्या रिफायनरीत ते पूर्वीपासून निघतं आणि नुमालीगढच्या रिफायनरीत २०१५ साली वर्षाला ५० हजार टन क्षमतेचा मेणाचा प्रकल्प सुरू झाला. दुकानात पॅराफिन मागताना एवढंच विचारायचं की ते किती अंशांना वितळतं. ५८ ते ६० अंशांचं घ्यावं. हल्ली सोया मेणाचा बोलबाला आहे. ते वनस्पतिजन्य आहे, भांड्यांना नीट चिकटतं, सुगंध चांगला धरतं, पण भांड्यात ओतायचं सोया मेण ५० अंशांच्या आगेमागेच मऊ पडतं. खोबऱ्याचं म्हणून विकलं जाणारं मेण त्याहून हळवं. बंद गाडीत ठेवलेला किंवा उन्हाळ्यात एसटीने पाठवलेला माल खोक्यातच ओघळला, तर शिकाऊ माणसाचा धीर सुटतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: किनाऱ्यावर राहणाऱ्याने पहिला हात पॅराफिनवर बसवावा, सोयाकडे नंतर जावं. पॅराफिनमध्ये दहावा हिस्सा स्टिअरिक ॲसिड मिसळलं तर मेणबत्ती कडक होते, पांढरीशुभ्र दिसते आणि साच्यातून सहज सुटते.

आता खर्च. एक किलो पॅराफिन, शंभर ग्रॅम स्टिअरिक ॲसिड, विणलेल्या सुती वातीचा एक गुंडा, स्वयंपाकघरात चालतो तसा ग्रॅम दाखवणारा काटा आणि शंभर-दीडशे अंशांपर्यंत जाणारा थर्मामीटर. मेणाचे भाव तेलाबरोबर वरखाली होतात, पण किलोला दोनशे रुपये धरले तरी हे सगळं हजार रुपयांच्या आत बसावं. त्यातले निम्म्याहून जास्त पैसे काट्याला आणि थर्मामीटरला जातील आणि ते जावेत. नवशिके नेमके इथे हात आखडतात आणि सिलिकॉनचे गुलाब, अस्वलं, हृदयं अशा साच्यांवर पैसे घालतात. साचा एक आकार देतो, काटा प्रत्येक मेणबत्तीचा हिशेब देतो.

साच्याला तर सिंधुदुर्गात तोटाच नाही. नारळ खवून झाला की करटी उरते. फक्त ती पारखून घ्यायची. नारळाला तीन डोळे असतात आणि त्यातला एक मऊ असतो, कोंब येतो तो त्यातूनच. डोळ्यांकडची अर्धी करटी घेतली तर गरम मेण त्या मऊ डोळ्यातून हळूच पाझरतं आणि सकाळी ओट्यावर मेणाचं थारोळं सापडतं. म्हणून दुसरी, बिनडोळ्यांची बाजू घ्यावी. आतलं खोबरं नखाएवढंही राहू देऊ नये, कारण ते कुजतं आणि त्याचा खवट वास मेणाला लागतो. बाहेरचे केस काचेच्या तुकड्याने खरवडून पॉलिश पेपरने घासले आणि खोबरेलाचा हात फिरवला की तीच करटी काळीभोर चमकते. मग ती दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवायची. उन्हात तडकायची असेल तर ती तिथेच तडकते, मेण ओतल्यावर तडकण्यापेक्षा ते बरं.

एका करटीत किती मेण मावेल, हे अंदाजाने ठरवू नये. करटी काट्यावर ठेवून पाणी भरावं. जितके ग्रॅम पाणी मावलं त्याचा नऊ दशांश एवढं मेण लागेल, कारण घट्ट पॅराफिन पाण्यापेक्षा हलकं असतं. सव्वाशे ग्रॅम पाणी मावणाऱ्या करटीला ११० ते ११५ ग्रॅम मेण. म्हणजे सांडलंलवंडलं धरून एका किलोत आठ करट्या, आणि एका करटीतलं मेण पंचवीस रुपयांचं. मोजून झाल्यावर करटी पुन्हा उन्हात ठेवायची. आत पाण्याचा थेंब राहिला तर पेटवल्यावर ज्योत तडतडते.

खरी विद्या आहे ती वातीत. मेणबत्तीत जळतं ते मेण, वात नव्हे. ज्योतीच्या उष्णतेने वरचं मेण वितळतं, सुताच्या बारीक फटींतून वर चढतं, टोकाला पोचून त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. मायकेल फॅरडेने १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी एका मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली, त्यातला एक प्रयोग कुणीही घरी करून पाहावा. वारा नसलेल्या खोलीत मेणबत्ती नीट पेटू द्यायची आणि मग अलगद फुंकर मारून विझवायची. वातीवरून पांढऱ्या धुराची एक रेघ वर जाते. पेटती काडी वातीला न लावता बोटभर वर, त्या रेघेला लावली की ज्योत धुरातून खाली धावते आणि वात पुन्हा पेटते. तो पांढरा धूर म्हणजे थिजू लागलेली मेणाची वाफ. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की वातीचं काम समजावून सांगावं लागत नाही.

वात म्हणजे मेण वर चढवणारा पंप. पंप लहान पडला तर ज्योत भोवतीचं मेण वितळवू शकत नाही, मधोमध खड्डा पडत जातो आणि शेवटी ज्योत स्वतःच्याच मेणात बुडून विझते. पंप मोठा झाला तर ज्योत उंच नाचते, काजळी धरते आणि वातीच्या टोकावर काळी भूछत्रं उगवतात. साधा पिळाचा दोरा चालत नाही, विणलेली वातच लागते. तिची वीण जळताना टोकाला एका बाजूला वाकवते, टोक ज्योतीच्या बाहेरच्या, जास्त उष्ण भागात येतं आणि जळून जातं. ही युक्ती १८२५ च्या सुमारास फ्रान्समध्येच निघाली. त्यापूर्वी जळक्या वातीचं टोक सारखं कात्रीने छाटत बसावं लागे.

वात घरी करायची असेल तर जाड सुती दोऱ्याच्या तीन पदरांची घट्ट वेणी घालावी. दीड कप गरम पाण्यात दोन मोठे चमचे टाकणखार आणि एक चमचा मीठ विरघळवून त्यात ती वेणी रात्रभर भिजवावी. या क्षारांमुळे वात सावकाश जळते आणि राख मागे कमी उरते. टाकणखार पोटात जाता कामा नये, तेव्हा त्या भांड्यात पुन्हा स्वयंपाक नको आणि पोरंबाळं दूर. पण किनाऱ्यावर या कृतीत एक मेख आहे. मीठ हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ जसं पाझरतं तशीच ही वातही ओली होते. म्हणून हे काम ऑक्टोबर ते मे याच काळात करावं, वात खडखडीत वाळवावी आणि लगेच वितळलेल्या मेणात बुडवून, ताणून सरळ थिजू द्यावी. मेणाचं अस्तर चढलं की दमट हवा तिला शिवत नाही.

ओतायचं काम त्यामानाने सोपं. मेण थेट आचेवर कधीही ठेवू नये. मोठ्या टोपात पाणी उकळत ठेवायचं, त्यात तळाला एखादी ताटली पालथी घालायची आणि तिच्यावर मेणाचं भांडं ठेवायचं. यामागे भौतिकशास्त्र आहे. पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, म्हणून मेणही जात नाही, आणि पॅराफिनची वाफ पेट घेते ती त्याच्या दुपटीच्या घरात. टोपातलं पाणी आटू दिलं नाही तर या पद्धतीत मेणाला आग लागण्याची वेळच येत नाही. तरी झाकण हाताशी असावं आणि मेण पेटलंच तर त्यावर पाणी ओतू नये, फोडणी भडकते तसं ते उसळतं. झाकण घालायचं आणि गॅस बंद करायचा.

मेण ७५ ते ८० अंशांवर आलं की त्यात स्टिअरिक ॲसिड ढवळून घ्यायचं. वातीच्या खालच्या टोकाला टिनाचं बूड बसवून ते करटीच्या तळाशी मेणाच्या थेंबाने चिकटवायचं आणि वरचं टोक आडव्या काडीला बांधून मधोमध धरायचं. हे टिनाचं बूड टाळू नये. त्याची इवलीशी नळी वात तळापासून थोडी वर धरते, त्यामुळे शेवटचं मेण उरलेलं असतानाच ज्योत विझते. करटी चुलीत कशी भडकते हे कोकणात कुणाला सांगायला नको, आणि मेणबत्तीच्या करटीत तोच धोका तळाशी असतो. बूड नवं विकत घ्यायची गरज नाही, जळून गेलेल्या छोट्या पणतीमेणबत्त्यांच्या ॲल्युमिनियमच्या वाट्यांत ती मिळतात. एकदम काठोकाठ ओतू नये. पॅराफिन थिजताना बरंच आकसतं आणि वातीभोवती खळगा पडतो. थोडं मेण राखून ठेवावं, तासाभराने वातीजवळ काडीने दोन-तीन भोकं पाडावी आणि तिथे दुसरा हात द्यावा. भांडी गरम असतानाच जुन्या वर्तमानपत्राने पुसावी. मेण मोरीत गेलं तर ते तिथेच थिजतं आणि नळी तुंबते.

करटीची खरी अडचण तिच्या आकारात आहे आणि ती पहिल्या दिवशी लक्षात येत नाही. करटी वर रुंद, खाली निमुळती. वर दोन तास जळाल्यावर सुंदर चाललेली वात खाली गेल्यावर जड होते, कारण तेवढीच ज्योत आता निम्म्या रुंदीच्या जागेत कोंडलेली असते. म्हणून करटीसाठी वात नेहमी एका नंबराने बारीकच निवडावी. वरच्या काठाला थोडं मेण शिल्लक राहिलं तर राहू दे. तोंड फार पसरट असेल तर एका जाड वातीऐवजी तीन-चार सेंटिमीटर अंतरावर दोन बारीक वाती. नेमकी कोणती, हे पुस्तकातून कळत नाही. सारख्याच तीन करट्या, सारखंच मेण आणि तीन जाडीच्या वाती घेऊन त्या शेजारी शेजारी पेटवाव्या आणि दर तासाला वितळलेल्या मेणाची रुंदी, ज्योतीची उंची आणि काजळी वहीत लिहावी. पेटवण्याआधी प्रत्येक वात पाव इंच ठेवून छाटावी. तिन्ही तळापर्यंत जाळाव्या, कारण कसोटी शेवटच्या तिसऱ्या भागातच लागते. साधी मेणबत्ती तासाला पाच-सात ग्रॅम मेण खाते, तेव्हा एक करटी पंधरा-वीस तास जाईल. हे काम एका दिवसाचं नाही.

परीक्षा आडोशाला घ्यावी. ज्योतीभोवती हवा चारी बाजूंनी सारखी वर चढते, तीच काठाचं मेण गार ठेवते आणि मध्ये वाटी तयार होते, हेही फॅरडेनेच समजावलं. समुद्रावरच्या वाऱ्याने हा तोल मोडतो, एक बाजू जास्त वितळते, दुसरी तशीच राहते आणि काजळी सुटते. देवबाग-तारकर्लीच्या पडवीत मेणबत्त्या लावायच्या असतील तर काचेच्या खोल ग्लासात त्या ग्लासाच्या निम्म्यापर्यंतच भराव्या. तिथे करटी उपयोगाची नाही.

फुकटातला आणखी एक साचा म्हणजे वाळू. घमेल्यात बारीक, धुतलेली वाळू मूठ वळेल इतपत ओली करून दाबून भरावी, त्यात वाटी रोवून अलगद काढावी आणि त्या खळग्यात वात धरून मेण ओतावं. ७०-७५ अंशांचं मेण ओतलं तर वाळूचा पातळ थर चिकटतो, ९० च्या जवळ नेलं तर जाड. थिजल्यावर उपटून ब्रशने झाडली की मालवणच्या किनाऱ्याचाच पोत अंगावर घेऊन मेणबत्ती बाहेर येते. तीच वाळू पुन्हा पुन्हा वापरता येते, किनाऱ्यावरून पोती भरून आणायची गरज नाही. कालवांचे खोल शिंपले स्वयंपाकातून उरतात, तेही लहान मेणबत्त्यांना चालतात. किनाऱ्यावरचे मोठे शंख मात्र उचलू नयेत. त्यांतल्या कित्येक जातींना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

रंग आणि सुगंध शेवटी, आणि कमी. रंग तेलात विरघळणारा, मेणबत्तीसाठीच बनवलेला हवा. मेणखडूंचा रंग वातीच्या फटी बुजवतो आणि खाण्याचा रंग पाण्यातला असल्याने मेणात मिसळतच नाही. सुगंधी तेल शंभर ग्रॅमला पाच-सहा ग्रॅमपेक्षा जास्त घालू नये. वेंगुर्ल्याकडच्या सुरंगीचा वास मेणबत्तीत यावा असं कुणालाही वाटेल, पण सुरंगीची वाळलेली फुलं मेणात टाकून तो येत नाही. ती फुलं वातीजवळ तरंगत येतात आणि स्वतःच पेट घेतात. सुरंगी गजऱ्यातच शोभते.

विकायचं ठरवलं तर किराणा दुकानातल्या पांढऱ्या मेणबत्तीशी बरोबरी करू नये. भारतात मेणबत्त्या हा लघुउद्योगांसाठी राखीव असलेला माल होता. एप्रिल २०१५ मध्ये राखीव यादीतल्या शेवटच्या वीस वस्तू खुल्या झाल्या, त्यात मेणबत्तीही होती. लोणची, उदबत्त्या आणि आगपेट्या तिच्या सोबतीला होत्या. आज यंत्रावर निघणाऱ्या मालाच्या किमतीत हाताने कुणी मेणबत्ती करू शकणार नाही. पण हाताच्या मालाला वेगळं गिऱ्हाईक आहे. महाबळेश्वरच्या भावेश भाटिया यांचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावं. दृष्टी गेल्यावर ते मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडमध्ये मेणबत्त्या करायला शिकले, महाबळेश्वरला हातगाडीवर त्या विकू लागले आणि १९९४ मध्ये त्यांनी सनराइज कँडल्स सुरू केलं. पुढे या उद्योगाने अनेक दृष्टिहीन माणसांना काम दिलं. थंड हवेच्या गावातल्या पर्यटकांना घरी नेण्याजोगी वस्तू देणं, हा त्या धंद्याचा पाया होता. मालवणलाही पर्यटक येतात आणि करटी तर इथलीच.

गिऱ्हाईक केवळ पर्यटकही नाही. सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण इथल्या ख्रिस्ती घरांत २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणार्थ थडग्यांवर मेणबत्त्या लागतात, पाठोपाठ नाताळ येतो. सावंतवाडी ही २००५ पासून सिंधुदुर्ग धर्मप्रांताचं मुख्य ठिकाण आहे. चर्चमध्ये जळून उरलेलं मेण कुणी देत असेल तर ते वितळवून कापडातून गाळून घ्यावं, रोजच्या वापराला ते उत्तम. विक्रीला मसुऱ्याच्या आंगणेवाडीची जत्राही आहे. आणि घरची गरज आहेच. मे २०२१ च्या तौक्ते वादळात खांब आणि झाडं एकावर एक पडली, जिल्ह्यातली कित्येक गावं अनेक दिवस विजेवाचून राहिली आणि 'मेणबत्ती खंय आसा?' हा प्रश्न घराघरात ऐकू आला. त्या दिवसांत कामाला येते ती रुंद बुडाची, सुगंध नसलेली, तासन् तास जळणारी साधी मेणबत्ती. अशा चार-पाच दरवर्षी मे अखेरीस करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्या.

दर ठरवताना मेण आणि वातीच्या खर्चात गॅस, फुटलेल्या करट्या, खोकं आणि करटी घासण्याचे तास धरावेच. घासायला लागलेला वेळ बचत गटाच्या हिशेबात बहुतेक वेळा लिहिलाच जात नाही, आणि मग नफा झालासा वाटतो पण हाती काही लागत नाही. उद्यम नोंदणीला शुल्क पडत नाही, ती सुरुवातीलाच करून घ्यावी. प्रत्येक करटीवर चिठ्ठी लावावी: ताटलीत ठेवूनच पेटवा, एका वेळी तीन तासांपेक्षा जास्त जाळू नका, बोटभर मेण उरलं की विझवा, पेटती सोडून घराबाहेर जाऊ नका. पहिल्या किलोतली एकही मेणबत्ती मात्र विकू नका. आठही घरात पेटवा, वही भरा, आणि तळापर्यंत नीट जळलेली वात सापडली की मगच दुसरा किलो आणा.